माझ्या नावाचं पान मला दाखवा : ऑनलाइन दुकानदारांना चोपड्याहून खुलं पत्र

ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या समस्त मालक मंडळींना,

चोपड्याच्या एका किराणा दुकानदाराचा राम राम.

हे पत्र खरं तर तुमच्या पत्त्यावर टाकणार होतो. तुमच्यापैकी एकाच्या साइटवर तासभर शोधलं. 'संपर्क' लिहिलेल्या जागी बोट ठेवलं तर एक यंत्र माझ्याशी गोड गोड बोलायला लागलं, पण ऑर्डर क्रमांक दिल्याशिवाय ते पुढे सरकेना. माझ्याकडे ऑर्डर क्रमांक नाही, कारण मी काही घेतलंच नाही. तक्रार तीच तर आहे. मी तुमच्याकडून काही घेतलं नाही आणि तुम्ही माझ्याकडून बरंच काही नेलंत. म्हणून हे उघड्यावर लिहितो आहे.

तसे आपण एकाच धंद्यातले. माझं दुकान आजोबांनी घातलं. तीन पिढ्या गल्ल्यावर बसल्यावर गिऱ्हाइकाच्या पिशवीवरून त्याचं घर वाचता येतं. अळीव, डिंक, खारीक आणि खोबऱ्याच्या वाट्या एकदम गेल्या की समजायचं, लेक बाळंतपणाला माहेरी आली. दोन किलो साखर नेणारं घर पावशेरावर आलं की एक तर कुणाला शुगर निघाली, नाहीतर हात आखडलाय. कापसाचे पैसे आले की उधारी न मागता चुकती होते, आणि बोंडअळीच्या वर्षी तेच गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडच्या कडेने मान खाली घालून जातं. माळ घालून बिडी सोडलेला एक गृहस्थ शटर अर्धं खाली आलं की यायचा आणि बंडल खिशात टाकून जायचा. वडिलांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला नव्हतं. अजूनही नसावं.

तेव्हा गिऱ्हाइकाची माहिती ठेवता म्हणून मी तुमच्यावर डाफरणार नाही. मीही ठेवतो. ती कुठवर जाते, यावरच आपलं भांडण आहे.

आमच्या भागात सोयरीक जमवायची तर मुलाच्या घरची चौकशी करायला माणसं हमखास दुकानदाराकडे येतात. मी शाळेत असताना पारोळ्याकडचे दोघे असेच आले. सुपारी घेतली, पाणी प्यायले, पावसापाण्याचं बोलले आणि मग हळूच विचारलं, त्या अमुक घरची बाकी किती असेल हो? वडील म्हणाले, “वही घरच ऱ्हाई गयी, आप्पा.” वही गल्ल्याखालीच होती, मी तिच्यावर पाय ठेवून बसलो होतो. पाहुणे काय समजायचं ते समजले. लग्न पुढे झालं.

हिशोबाच्या वहीला चोपडा म्हणतात आणि आमच्या गावाचं नावही चोपडा, त्यामुळे बाहेरगावचे व्यापारी आमची थट्टा करतात की तुमचं सगळं गावच उधारीवर. दिवाळीला त्या वहीची पूजा होते. तिचा नियम मी लहानपणापासून पाहत आलोय: ज्याच्या नावाचं पान, त्याने मागितलं की उघडून दाखवायचं. वाचता येत नसेल तर बोट ठेवून वाचून दाखवायचं. आकडा चुकला असेल तर त्याच्यासमोर खोडायचं.

आता गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो.

आमची माय चौऱ्याऐंशी वर्षांची. न्हाणीत पाय घसरून पडली तेव्हापासून खाटेवर आहे. पुढचं सगळं लिहीत नाही. एवढंच, की मोठ्या माणसांचे डायपर लागतील असं डॉक्टर म्हणाले आणि ही गोष्ट मायला, मला आणि माझ्या बायकोला सोडून कुणाला कळू नये अशी मायची सक्त ताकीद होती. गावातल्या मेडिकलमध्ये जायचा मला संकोच वाटला. माझं गिऱ्हाईक तेच त्याचं गिऱ्हाईक. म्हणून रात्री दुकान वाढवल्यावर फोनवर तुमच्यापैकी एका मोठ्या दुकानात शिरलो. चार-पाच प्रकार पाहिले, मापाचा गोंधळ झाला, पत्ता भरला, मोबाइल नंबर भरला आणि शेवटचं बटण न दाबताच फोन ठेवून दिला. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर संदेश आला, तुमची खरेदी अपूर्ण राहिली आहे, आज घेतल्यास सूट. बटण मी दाबलं नव्हतं. मला वाटायचं, बटण दाबेपर्यंत लिहिलेलं आपल्यापाशीच राहतं, पाकीट चिकटवेपर्यंत चिठ्ठी आपली असते तसं.

चार दिवसांनी कानबाई बसली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईमाता घरात बसते, भाऊबंदकी एका छताखाली जमते आणि प्रसादाचे रोट होतात. त्या दिवशी आमच्या घरात तीसेक माणसं होती आणि सगळ्यांचे फोन घरच्या वायफायवर. चुलत वहिनीने कानबाईची गाणी लावली होती. गाण्याच्या मध्येच जाहिरात आली. म्हाताऱ्या बाईचं हसरं चित्र आणि मी पाहिलेल्याच कंपनीचे डायपर. वहिनी भोळेपणाने मोठ्याने म्हणाली, अगंबाई, हे मलाच का दाखवताहेत? थोड्या वेळाने दुसऱ्याच्या फोनवर तेच. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी आतल्या खोलीकडे पाहिलं.

माय सकाळपासून तीनदा विचारत होती, वास तर येत नाही ना. तिने सगळं ऐकलं. रोट तिने तोंडी लावला नाही. रात्री सगळे गेल्यावर मला जवळ बोलावून एवढंच विचारलं, “आपला घरनी गोट त्याले कोनी सांगी?”

मी सांगितली, असं तिला म्हणायची हिंमत झाली नाही.

पुतण्या जळगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याला धरून बसवलं आणि म्हटलं, मला दाखव हे कसं होतं. त्याने लॅपटॉपवर तेच दुकान उघडलं आणि बाजूला एक काळी खिडकी उघडली. त्या खिडकीत दुकानाचं पान उघडताना कोणाकोणाला निरोप जातो ते दिसतं. दुकान एकाचं, निरोप मात्र भलत्याच कंपन्यांना चालले होते. एकामागून एक ओळी वर सरकत होत्या, मोजता मोजता मी कंटाळलो. ओळखीचं नाव त्यात एखाददुसरंच.

कुकी म्हणजे काय ते त्याने सांगितलं आणि मला हसू आलं, कारण तिचा जन्म आपल्याच धंद्यातला. 1994 साली नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली या अभियंत्याने ती काढली, आणि डोक्यात होती खरेदीची टोपली. गिऱ्हाइकाने टोपलीत काय टाकलंय ते साइटच्या लक्षात राहावं म्हणून त्याच्याच संगणकावर एक छोटी चिठ्ठी ठेवायची. इथवर ठीक आहे, माझ्या दुकानातही गिऱ्हाईक पिशवी काउंटरवर ठेवून शेजारी भाजी घ्यायला जातं. पण पुढे दुकानदाराखेरीज तिऱ्हाइतालाही आपली चिठ्ठी त्या पिशवीत टाकू देण्यात आली. हा तिऱ्हाईत बाजारातल्या प्रत्येक दुकानाच्या दारात उभा. मेडिकल, कापड, सराफ, बियाणं, सगळीकडे तोच, आणि आपण कुठून निघून कुठे गेलो ते एकाच कागदावर लिहीत जाणारा.

काही कंपन्या पानावर एक चित्र ठेवतात. लांबी एक ठिपका, रुंदी एक ठिपका, तेही पारदर्शक. तिळाहून बारीक. ते डोळ्याला दिसावं म्हणून नसतंच. ते त्यांच्या यंत्रावरून मागवलं जातं, आणि मागवताना कोण आलं, कुठल्या पानावर आलं ही वर्दी त्यांना पोचते. चिठ्ठ्या पुसल्या तरी सुटका नाही. फोनचा पडदा केवढा, अक्षरांचे साचे कोणते, भाषा कुठली, घड्याळ कुठल्या देशाचं, असं सगळं जुळवून माणूस ओळखता येतो, जसा आम्ही लांबून नुसत्या चालीवरून ओळखतो. बोट कुठे थबकलं, काय लिहून पुसलं, याचं चित्रणसुद्धा काही साइटवर होतं. आणि एका वायफायवरचे फोन एका घरचे, असा हिशोब धरून एकाने पाहिलेलं दुसऱ्याला दाखवता येतं. मायच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं.

सगळ्यात जास्त खटकला तो लिलाव. पान उघडेपर्यंतच्या पापणी लवायच्या वेळात, या माणसाच्या डोळ्यांपुढे जाहिरात कोण लावणार याची बोली होते. लिलाव मला नवा नाही. बाजार समितीत शेतकरी आपल्या ढिगाजवळ उभा असतो. व्यापारी मूठभर माल हातात घेऊन पाहतो, आकडा बोलतो, आणि भाव पटला नाही तर शेतकरी पोती पुन्हा गाडीत भरून घरी नेऊ शकतो. तुमच्या लिलावात ढीग मी, माल माझ्या मायचं दुखणं, आणि मला बोलावणंच नाही.

कुणी म्हणेल, ब्राउजर बदला. सफारी आणि फायरफॉक्स अशा तिऱ्हाइताच्या कुकी मुळातच अडवतात. क्रोमनेही बंद करतो म्हणून 2020 मध्ये जाहीर केलं होतं, 2024 मध्ये तो बेत गुंडाळला. आमच्या तालुक्यात ज्याच्या हातात पाहाल त्याच्या हातात अँड्रॉइड आणि त्यात क्रोम. पुतण्याने माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, जाहिरातवाले फोन ज्यावरून ओळखतात तो जाहिरातीचा आयडी पुसून दिला, चांगलं केलं. पण चिखल तुम्ही उडवायचा आणि धोतर मी धूत बसायचं, हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो तेही मी वाचून काढलं. रविवारची दुपार दुकानदाराला मोकळीच असते.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो सरकारविरुद्धचा खटला होता, तुम्ही म्हणाल आमचा काय संबंध. मग 2020 चे ई-कॉमर्स नियम पाहा, ते तुमच्यासाठीच आहेत. त्यात ग्राहकाची संमती स्पष्ट आणि त्याने स्वतः दिलेली हवी, आधीच खूण केलेले चौकोन चालणार नाहीत, असं लिहिलंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांवर बंदी घातली. तुमचं 'फक्त दोन शिल्लक' त्यात येतं, आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणारं 'नाही, मला बचत नको' हे बटणही येतं.

आणि मग 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तुमच्यावरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यांनी 18 महिन्यांची सवड दिली, म्हणजे मे 2027. त्यात आमच्या वहीचाच नियम सरकारी भाषेत लिहिलाय: संमतीच्या आधारे माझी माहिती वापरत असाल तर तिचा गोषवारा मी मागू शकतो, ती कुणाकुणाला दिली त्यांची नावं मागू शकतो, चूक दुरुस्त करून घेऊ शकतो, पुसायला सांगू शकतो. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मागावर राहायचं नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. दोन कोटी किंवा त्याहून जास्त नोंदणीकृत ग्राहक असलेल्या दुकानांनी, तीन वर्षं ग्राहक फिरकला नाही तर त्याची माहिती पुसायची, आणि 48 तास आधी त्याला कळवायचं. योगायोग बघा, आमच्या उधारीच्या दाव्याची मुदतही तीनच वर्षं. त्यानंतर आम्हीही पानावर काट मारतो.

कायद्यात माझ्या मते खोट आहे, तीही सांगतो. दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची गोष्ट चव्हाट्यावर आली त्याच्या हातात त्यातला छदाम नाही. उलट खोटी किंवा किरकोळ तक्रार केली असं ठरलं तर ग्राहकालाच दहा हजारांपर्यंत दंड. आमच्याकडचा माणूस हे वाचून तक्रारीच्या वाटेलाच जायचा नाही.

फ्रान्समध्ये काय झालं तेही तुम्हाला माहीत असणारच. शीन हे कपड्यांचं मोठं ऑनलाइन दुकान. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या नियामकाने त्यांना 15 कोटी युरोंचा दंड केला, कारण माणूस साइटवर आल्याबरोबर, त्याने हो-नाही म्हणण्याआधीच, कुकी ठेवल्या जात होत्या, आणि 'सर्व नाकारा' दाबलं तरी काही कुकी सुरूच राहत होत्या. तिकडे निदान ते बटण तरी असतं. आपल्याकडे कित्येक दुकानं विचारण्याचं नाटकसुद्धा करत नाहीत.

आता माझंही एक ओझं उतरवतो, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. दोन वर्षांपूर्वी मी फुकटचं एक उधारीचं ॲप घेतलं. वही जड, डोळे अधू, मुलगा म्हणाला फोनवर सोपं पडेल. दीडशे घरांची नावं, मोबाइल नंबर आणि बाकी मी स्वतःच्या बोटांनी त्यात भरली. ॲपने फोनमधले सगळे नंबर वाचायची परवानगी मागितली, मी दिली. एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही. पारोळ्याच्या पाहुण्यांना जे वडिलांनी दिलं नाही, ते मी कोण्या परक्या कंपनीला दिवे लावून, बसायला पाट देऊन दिलं. मायच्या प्रसंगानंतर हे ध्यानात आलं. ॲपमधली खाती पुसली, कंपनीला त्यांच्याकडचंही पुसा म्हणून कळवलं, आणि लाल वही पुन्हा काढली. त्या दीडशेपैकी ज्यांना सांगणं झालं त्यांना सांगितलं. एक म्हातारे नाना म्हणाले, आता काय, पाखरू उडालं. खरंच आहे.

म्हणून मी तुम्हाला सोवळं शिकवायला आलेलो नाही. मला हवं ते एका व्यापाऱ्याने दुसऱ्याकडे मागावं इतपतच आहे. माझ्या नावाचं पान काढा. मी काय पाहिलं, त्याचा तुम्ही काय अर्थ लावला, आणि ते कुणाकुणाच्या हाती दिलं, ते नावानिशी लिहा. 'आमचे विश्वासू भागीदार' असं लिहू नका. विश्वास माझा, भागीदार तुमचे, आणि नफ्यात मी नाही. 'हो' जेवढ्या अक्षरात तेवढ्याच अक्षरात 'नको' लिहा, एकाच रंगात, एकाच ओळीत. बटण दाबलं जात नाही तोवर फॉर्ममधलं काही उचलू नका. औषधं, आजारपण, अंतर्वस्त्रं, बाळंतपण, म्हातारपण यांच्या पानांवर तिऱ्हाइताला उभंच करू नका. चित्रणही नको, ठिपकाही नको. कायदा याहून कमी मागत असेल, मागू द्या. मे 2027 पर्यंत थांबायचं कुणी सक्तीने सांगितलेलं नाही, ती सवड आहे.

आणि हे सगळं मराठीत. ही मेहेरबानी नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत सूचना आणि संमतीची विनंती वाचता आली पाहिजे, असं नव्या कायद्यातच आहे. आमची घरची बोली अहिराणी त्या यादीत नाही, ते आमचं वेगळं दुखणं. पण मराठी म्हणजे मराठी असू द्या. 'प्राधान्ये व्यवस्थापित करा' हे मी तीन वेळा वाचलं आणि ते कशाचं बटण आहे हे पुतण्याने सांगितलं तेव्हा कळलं. सणाच्या सेलची जाहिरात करताना तुमची मराठी कशी झुळझुळ वाहते. 'आम्ही तुमच्यावर नजर ठेवतो, चालेल का?' एवढं वाक्य लिहायला कुठला भाषांतरकार लागतो?

मायचं सामान आता मी गावातल्या मेडिकलमधूनच आणतो. पहिल्या दिवशी मी काही बोलायच्या आत त्याने पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि काउंटरखालून माझ्या पिशवीत सरकवलं. किंमत तुमच्यापेक्षा थोडी जास्त लावतो. लावू दे.

ज्या दुकानातून हे सुरू झालं, त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल पुतण्याने शोधून काढला आहे. या पत्राची प्रत त्यांना आजच जाते आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे त्यांनी 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर गल्ल्यावरच्या पाटीवर खडूने लिहून ठेवला आहे, आणि त्यापुढे जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग एसटीने दीड-दोन तासांवर. लाल वहीत तुमच्या नावाने एक पान घातलं आहे. तारीख टाकली, विषय लिहिला. जमेची बाजू कोरी आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार
चोपडा, जिल्हा जळगाव